टोपी पांढरी होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारच्या अंकात तुमच्या खेळाच्या पानावर पुण्याच्या रेसचा फोटो आहे. दोन घोडे अगदी लागून, पुढच्याचं डोकं जेमतेम बाहेर. दोन्ही जॉकींच्या अंगात एकच सदरा, पिवळ्यावर काळे आडवे पट्टे. खाली ओळ आहे, ‘रंगीबेरंगी पोशाखात विजयी रेषा ओलांडताना’ आणि पुढे एका नावाजलेल्या जॉकीचं नाव. ते नाव चुकलं आहे. पुढच्या घोड्यावर ते नव्हतेच. त्याच पानाच्या तळाशी निकालांच्या बारीक टायपात जिंकणाऱ्याचं नाव बरोबर आलंय. म्हणजे एकाच पानावर वर एक आणि खाली भलतंच.

चूक कळली ती अशी. ज्या मुलाने ती रेस मारली तो अजून अप्रेंटिस आहे आणि त्याची आई आमच्या मागच्या गल्लीत राहते. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती पेपर घेऊन आली. भाजी निवडता निवडता उठली असणार, बोटांना मेथी चिकटलेली होती. ‘मावशी, यातला आमचा कोणता?’ आईला स्वतःचा मुलगा ओळखू येईना, पण तिचं तरी काय चुकलं? पावसातली रेस, दोघांच्या तोंडावर चिखल, डोळ्यांवर गॉगल आणि अंगात एकसारखा कपडा. मी चष्मा पुसला, पेपर दारातल्या उजेडात धरला आणि म्हटलं, पुढचा. पांढरी टोपी तुझ्या पोराची. तिने फोटोखालचं नाव बोट ठेवून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, ‘पण छापलंय ना तसं.’

हे पत्र त्या ‘छापलंय ना’साठी.

मी रेसची माणूस नाही. आयुष्यात घोड्यावर एक रुपया लावलेला नाही आणि लावणाऱ्यांची घरं काय होतात तेही पाहिलंय, त्यामुळे मला कोणी जुगाराचे तोटे कळवू नयेत. माझे वडील शिंपी. कॅम्पात त्यांचं आठ बाय दहाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे डगले आणि सीझन आला की घोडेमालकांचे ‘कलर’. जॉकीच्या अंगातल्या त्या सदऱ्याला इंग्रजीत सिल्क म्हणतात, पण आमच्या दुकानात येणारी माणसं, घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दारापासून ट्रेनरपर्यंत, कलरच म्हणायची. ‘मास्तर, कलर झाले का?’ १९६८ साली मी सहावीत होते. तेव्हापासून लग्न होईपर्यंत त्या कलरवरच्या चांदण्या मी कापल्या आहेत.

आता तुमच्या ‘रंगीबेरंगी’बद्दल. गणपतीतल्या पताका रंगीबेरंगी असतात. त्यातली हिरवी कुठे लावली आणि लाल कुठे, याने कोणाचं काही बिघडत नाही. जॉकीच्या अंगावरचा रंग हा पत्ता असतो. इंग्लंडात न्यूमार्केटला १७६२च्या ऑक्टोबरात जॉकी क्लबच्या, म्हणजे घोडेमालकांच्या मंडळाच्या, सभासदांनी ठराव केला, की ज्याने त्याने आपला रंग ठरवून नोंदवावा आणि आपल्या स्वाराच्या अंगात तोच घालावा. हेतू एवढाच, की धावताना घोडे ओळखू यावेत आणि मागाहून भांडणं होऊ नयेत. तेव्हा १९ जणांनी रंग नोंदवले. त्यातल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरने वाळल्या काडीचा पिवळट रंग घेतला होता, तो त्या घराण्याकडे आजही आहे. पुण्याचं रेसकोर्स १८३०चं, मुंबईचं महालक्ष्मी १८८३चं. तिथे ही पद्धत साहेबाबरोबर आली आणि साहेब गेल्यावरही राहिली.

रंग मालकाचा, हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं सोपं आहे. जॉकी आत्ता एकाचा घोडा चालवतो आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याचा. तेवढ्या वेळात सदरा बदलतो, टोपी बदलतो. एका दुपारी पाच रेस चालवल्या तर पाच मालकांचे पाच सदरे अंगावर चढतात आणि उतरतात. म्हणून सदऱ्यावरून जॉकी ओळखायला गेलं की माणूस हमखास फसतो. सदरा मालक कोण ते सांगतो, पुढचं रेसबुकात, म्हणजे त्या दिवसाच्या रेसच्या छापील पुस्तिकेत बघायचं.

आणि एकाच मालकाचे दोन घोडे एकाच रेसमध्ये असले तर? सदरा दोघांनाही तोच. फरक फक्त टोपीत. मालकाची नेहमीची, नोंदवलेली टोपी सहसा पहिल्या पसंतीच्या घोड्यावरच्या जॉकीला मिळते आणि दुसऱ्याला निराळ्या रंगाची. या मालकांची टोपी काळी. ती त्या दिवशी फेव्हरिट घोड्यावर होती आणि तिच्याखाली तुम्ही छापलंत ते मोठं नाव होतं. दुसरा घोडा नुसता जोडीला उतरवलेला, त्याच्यावर फारसा पैसा नव्हता, म्हणून तो पोराला मिळाला आणि पोराच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. तुमच्या माणसाने ओळखीचा सदरा बघितला आणि ओळखीचं नाव लिहून टाकलं. टोपीकडे बघायला अर्धा मिनिट लागला असता.

लांबून दिसणं हेच त्या कपड्याचं काम. महालक्ष्मीला डर्बी ही मोठी रेस २४०० मीटरची असते. घोडे पलीकडच्या अंगाला असतात तेव्हा स्टँडवरून माणसं बोटाच्या पेराएवढी दिसतात. कॉमेंट्री करणारा डोळ्यांना दुर्बीण लावून, रंग आणि टोप्या बघत नावं घेत जातो. रेस सुटायच्या आधी ते सगळं त्याने पाठ केलेलं असतं. वडिलांनी यासाठी एक परीक्षा ठेवली होती. सदरा झाला की ते तो दुकानाच्या फळीला टांगायचे आणि मला बसस्टॉपपर्यंत पिटाळायचे. तिथून ओरडून सांगायचं, पाठीवर ठिपके किती. मला ते मोजता आले नाहीत, एकात एक मिसळले, की घरी येऊन सगळे उसवायचे आणि मोठे कापायचे. बसस्टॉपवरची माणसं माझ्याकडे बघून हसत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसायची नाहीत, त्यामुळे घरात आमची नावं पडली होती. डायमंड म्हणजे शंकरपाळे. खांद्यावरून तिरका कमरेशी येणारा सॅश म्हणजे जानवं. ब्रेसेस म्हणजे गॅलिस. शेव्हरन म्हणजे हवालदार. क्रॉस बेल्ट म्हणजे फुली. फाका जोडून शिवलेली, आळीपाळीने दोन रंगांची टोपी म्हणजे पाकळी. वडिलांच्या ऑर्डरच्या वहीत असंच लिहिलेलं आहे: ‘जांभळा, पिवळं जानवं, बाह्या हवालदार, टोपी पाकळी.’ ती वही माझ्याकडे आहे. घरच्यांशिवाय ती कोणाला वाचता येणार नाही. रेसबुकात मालकाच्या नावापाशी रंग छापलेले असत. मॉव्ह म्हणजे फिकट जांभळा आणि सेरीज म्हणजे गडद गुलाबी, हे शब्द मला शाळेतल्या बाईंच्या आधी रेसबुकाने शिकवले. सेरीज कसा असतो असं विचारल्यावर वडिलांनी इकडेतिकडे बघितलं आणि दोरीवर वाळत घातलेल्या आईच्या चोळीकडे बोट केलं. इंग्लंडात म्हणे आता सहसा ठरावीक १८ रंगांतलाच घ्यावा लागतो. आमच्या वेळी मालक वाट्टेल त्या छटेचा चिंधीएवढा नमुना पाठवायचे आणि वडील तो मुठीत धरून रविवार पेठ पालथी घालायचे.

चांदणी कापणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. सॅटिन हातातून निसटतं आणि त्याची कड सुटते. आधी उलट्या बाजूने तांदळाची पातळ खळ लावायची, सावलीत वाळवायची, मग पुठ्ठ्याचा छाप ठेवून कापायचं. कड आत दुमडताना पाचही टोकं टोकंच राहिली पाहिजेत, नाहीतर चांदणीची भेंडीची चकती होते. आडव्या पट्ट्यांना वेगळी अक्कल लागते. पुढचा पट्टा आणि पाठीचा पट्टा काखेखालच्या शिवणीत समोरासमोर यायला हवेत. त्यात जॉकी काही उभा राहून रेस चालवत नाही. तो घोड्याच्या मानेवर वाकलेला असतो आणि लोकांना दिसते ती त्याची पाठ आणि कूस. नवखा शिंपी सगळी कलाकुसर छातीवर करतो. वडील म्हणायचे, छाती घोड्याने बघायची.

पुण्याचा सीझन पावसाळ्यातला. त्या पावसाने एकदा आमची लाज काढली. पांढऱ्यावर लाल ठिपके अशी ऑर्डर होती, माल वेळेत दिला. रेस झाली आणि तिसऱ्या दिवशी मोतद्दार बोचकं घेऊन दारात उभा. ठिपके फिकट पडलेले, पांढरा सगळा गुलाबी झालेला. जॉकीच्या बनियनवरसुद्धा ठिपके उठले होते म्हणे. दोष सरळ आमचा होता, लालाचा रंग कच्चा निघाला. वडिलांनी पैसे परत केले आणि दुसरा सदराही फुकट शिवून दिला. त्यानंतर दुकानात आलेलं प्रत्येक लाल सॅटिन रात्रभर मिठाच्या पाण्यात पडायचं आणि सकाळी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रुमाल कोरा राहिला तरच कात्रीखाली जायचं. पुढे नायलॉन आलं, रंग टिकले. कडा मेणबत्तीच्या ज्योतीवरून झर्रकन फिरवल्या की सुटायच्याही थांबल्या, पण घरभर जळका वास यायचा. आता तर अंगाला चिकटून बसणारं, वाऱ्याने न फुगणारं कापड आलंय आणि नक्षी शिवत नाहीत, छापतात. चांगलंच आहे. सदऱ्यात वारा भरून फुगा होतो म्हणून आम्ही मनगटाला इलॅस्टिक घालायचो, ते काचायचं आणि जॉकी शिव्या घालायचे.

वजनाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा कपडा कळायचा नाही. जॉकीला रेसच्या आधी आणि रेसनंतर खोगीर हातात घेऊन काट्यावर उभं राहावं लागतं. ठरलेल्या वजनाला कमी पडला तर शिशाच्या पट्ट्या घालून भर करतात, जास्त भरला तर त्याचं त्याला निस्तरावं लागतं. आमच्याकडे यायचे त्यांच्यातला एकही मला कधी दुकानात चहा पिताना आठवत नाही. आईने कप पुढे केला की हात जोडायचे. पन्नास किलोंच्या आसपास राहायचं म्हणजे घोटाघोटाचा हिशेब. अशा माणसाच्या कपड्याला दुहेरी अस्तर लावून कसं चालेल? वडील नवी ब्रीचेस, म्हणजे जॉकीची घट्ट विजार, शेजारच्या सोनाराकडे नेऊन त्याच्या काट्यावर तोलायचे. सोनार म्हणायचा, मास्तर, घडणावळ किती लावू?

ब्रीचेसचं माप वडील उभ्याने घेत नसत. लोड आडवा टाकायचा, जॉकीला त्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसवायचं, मग गुडघे वर ओढून पुढे वाकायला सांगायचं. मापाची टेप त्यानंतर. उभ्याने घेतलेल्या मापाची ब्रीचेस बसल्यावर उसवते, आणि उसवते ती नेमकी हजारो लोकांसमोर. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे खोगीर घासतं, तिथे शिवण येऊ द्यायची नाही. गुडघ्याशी बूट चढतो, तिथे सुरकुती राहू द्यायची नाही. हे सगळं तुमच्या फोटोत पांढऱ्या रंगाचा एक तुकडा म्हणून दिसतं.

सदरा मालकाचा आणि ब्रीचेस जॉकीची, हा फरक लहान वाटतो. अमेरिकेत २००४ साली केंटकी डर्बीच्या तोंडावर जॉकींनी त्यावरून कोर्ट गाठलं. आमच्या ब्रीचेसवर आम्हाला जाहिरात लावू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं आणि कोर्टाने ते मान्य केलं. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं. जीव धोक्यात घालणाऱ्याच्या मालकीची अंगावर तेवढीच जागा.

जीव धोक्यात म्हटलं ते उगाच नाही. एका पावसाळ्यात एक जॉकी चिखलात घोड्यावरून पडला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात अंगातले कपडे काढता येईनात म्हणून सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत कात्रीने कापला. ते त्यांनी करायलाच हवं होतं. आठवड्याने मालकाचा माणूस तो कापलेला सदरा घेऊन आला, धुतलेला नव्हता, आणि म्हणाला, नवा नको, हाच जोडून द्या. सॅटिन महाग आहे म्हणे. ज्यांचा घोडा लाखाच्या वर होता त्यांचा हा निरोप. नाव सांगत नाही. वडिलांनी काही न बोलता सदरा ठेवून घेतला. कलरवर सुदैवाने जानवं होतं. त्यांनी जानवं उसवलं, कापलेल्या कडा आतून जोडल्या, जमेल तेवढी शिवण जानव्याखाली घेतली आणि उरलेली हातटाक्याने इतकी बारीक घातली की मलाही सापडेना. दोन महिन्यांनी तोच जॉकी ब्रीचेसच्या मापाला आला. तो सदरा दुसऱ्या कामासाठी पुन्हा आलेला होता आणि खुंटीला लटकत होता. जॉकी सदऱ्याजवळ गेला, गळ्यापासून खाली बोट फिरवत आला आणि बरोबर जोडाशी थांबला. ‘इथूनच ना, मास्तर?’ वडील म्हणाले, इथूनच. मग त्यांनी लोड टाकला आणि माप घेतलं.

आता कलरखाली जाड जॅकेट असतं आणि टोपीखाली हेल्मेट. त्यामुळे जुन्या वहीतली मापं कोणाच्या उपयोगाची नाहीत, आणि ती नाहीत याचा मला आनंदच आहे.

एवढ्या सगळ्याशी मराठी वाचकाचा काय संबंध, असं तुमच्या कोणाच्या मनात आलं असेल तर बडोदेकरांची आठवण करून देते. पहिली इंडियन डर्बी झाली १९४३ला आणि ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने. वर होता एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन जॉकी. चार वर्षांनी, १९४७ला, याच ब्रिटने इंग्लंडात डॉन्कास्टरला सेंट लेजर ही मोठी रेस मारली, तीही महाराजांच्याच घोड्यावर. घोड्याचं नाव सयाजीराव. ऑस्ट्रेलियाचा माणूस, अंगात गायकवाडांचे रंग आणि खाली सयाजीराव. तिथल्या स्टँडवरच्या किती जणांना ते नाव धड उच्चारता आलं असेल कोण जाणे, पण कोणाचा घोडा आला हे रंगावरून शेवटच्या माणसालाही कळलं असणार. आगाखान पॅलेस पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या घराण्याचा हिरवा सदरा आणि तांबडे खांदे १९८१च्या इंग्लिश डर्बीत शेरगार घोड्यावर होते. तो घोड्याच्या दहा लांबींनी जिंकला. तिथे मात्र टोपी बघायची वेळच आली नाही.

आपल्या फोटोत ती बघायची होती.

म्हणून विनंती अशी, की त्या फोटोची दुरुस्ती छापावी. कोपऱ्यात दोन ओळींची नको, फोटोसकट. नाव मी इथे लिहीत नाही, तुमच्याच निकालांच्या रकान्यात ते आहे. त्या मुलाच्या आईने कात्रण कापून ठेवलंय, पण खालची ओळ कापून टाकू का, असं मला विचारत होती. मी म्हटलं, थांब, पेपरवाल्यांना लिहिते. पुढच्या रविवारपर्यंत ती थांबेल.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
घोरपडी, पुणे